हंगाम सरल्यानंतरचा समुद्र

ऑक्टोबरअखेरची शाळांची सुटी संपली, की इंग्लंडच्या किनाऱ्यावरील गावांत आवराआवरीला प्रारंभ होतो. भाड्याच्या खुर्च्या गोदामांत जातात, वाळूवरील रंगीत लाकडी खोपटांना कुलपे लागतात, आइस्क्रीमच्या टपऱ्यांवर फळ्या ठोकल्या जातात, आणि उन्हाळ्यात पाऊल ठेवावयास जागा नसलेल्या समुद्रकाठच्या सडकेवर कुत्र्यांना फिरवणारी दोन-चार वृद्ध माणसे तेवढी उरतात. हे पाहून परका प्रवासी साहजिकच असे अनुमान काढतो की, येथला समुद्र ही केवळ उन्हाळ्यात भोगावयाची वस्तू असून तिचा हंगाम आता संपला आहे. खुद्द बहुसंख्य इंग्रजांचीही समजूत हीच. परंतु इतिहासाचे दप्तर उघडून पाहिले तर ही समजूत फार तर शंभर वर्षांची ठरते. ज्यांच्यामुळे ही गावे नावारूपास आली, त्या पहिल्या पाहुण्यांपैकी पुष्कळजण येथे भर थंडीत येत असत. आणि आमच्या मते त्यांचीच निवड अधिक शहाणपणाची होती.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत, उत्तरेकडील स्कारबरोसारखे एखादे ठिकाण वगळता, समुद्र हा कोळी, खलाशी आणि चोरटा माल उतरवणारे यांच्याच कामाचा विषय होता. ससेक्स परगण्यातील लुइस गावचे वैद्य डॉ. रिचर्ड रसेल यांनी १७५० साली ग्रंथिविकारांवर समुद्रजलाचा उपयोग प्रतिपादन करणारा एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि थोड्याच काळात जवळच्या ब्रायटन या कोळीवाड्यात स्वतःसाठी मोठे घर बांधून रोगी तेथे आणण्यास सुरुवात केली. त्यांचे रोगी समुद्रात बुड्या मारीत, इतकेच नव्हे तर समुद्राचे पाणी औषध म्हणून पीतही असत. या चिकित्सेत ऊन आणि वाळू यांना काडीचे महत्त्व नव्हते. थंड पाण्याचा शरीराला बसणारा धक्का हाच गुणकारी मानला जाई. त्यामुळे पाणी जितके थंड तितके उत्तम, ही धारणा ओघानेच आली. कादंबरीकर्त्री फॅनी बर्नी हिने १७८२ च्या नोव्हेंबरात ब्रायटन येथे उजाडण्यापूर्वीच मैत्रिणींसह समुद्रस्नान केल्याची नोंद आपल्या रोजनिशीत करून ठेवली आहे. त्या काळच्या स्त्रीवर्गाचा पोशाख ध्यानात घेता हा प्रकार आजच्या कोणत्याही साहसापेक्षा कमी म्हणता येणार नाही.

पुढच्याच वर्षी युवराज जॉर्ज तेथे आला, त्याला गाव आवडले, आणि पाठोपाठ सारा दरबार लोटला. त्याच्या निवासस्थानाचे जॉन नॅशने १८१५ ते १८२३ या काळात केलेले रूपांतर म्हणजेच आज दिसणारा, घुमट-मिनारांचा, बाहेरून हिंदुस्थानी आणि आतून चिनी थाटाचा रॉयल पॅव्हिलियन. याच ब्रायटनमध्ये पाटण्यास जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी वाफेचे स्नान आणि चंपी-मालीश यांचे स्नानगृह चालवले, आणि चौथा जॉर्ज व चौथा विल्यम अशा दोन राजांचे मालीश-चिकित्सक म्हणून त्यांची नेमणूक झाली. बाहेर बोचरा वारा असताना आत वाफेत बसण्याचे सुख विकावयाचे, ही त्यांची अटकळ व्यापारी दृष्टीनेही अचूक होती. एकोणिसाव्या शतकात तर ब्रायटनचा प्रतिष्ठित हंगाम शरद ऋतूत सुरू होऊन थंडीत चालत असे. उन्हाळा हा दुकानदार आणि कारकून यांच्या वाट्याचा मानला जाई. १८४१ साली लंडनहून आगगाडी आली तेव्हा या सामान्य वर्गाचा ओघ वाढला. पहिल्या महायुद्धानंतर ऊन अंगावर घेऊन त्वचा तांबूस करण्याची टूम निघाली, आणि १९३८ च्या पगारी सुटीच्या कायद्याने कामगारवर्गाच्या उन्हाळी सुटीवर सरकारी शिक्कामोर्तब केले. अशा रीतीने समुद्रकिनारा कायमचा जुलै-ऑगस्टच्या नावे दाखल झाला.

ब्रायटनला शौकीन जात, तर क्षयरोग्यांसाठी वेगळी गावे उदयास आली. डेव्हन परगण्यातील टॉर्की, हँपशरच्या सीमेवरील बोर्नमथ आणि वाइट बेटावरील व्हेंटनर ही तिन्ही गावे मुख्यतः हिवाळी मुक्कामाची म्हणूनच वाढली. बोर्नमथमध्ये पाइन वृक्षांच्या गंधाने फुप्फुसे सुधारतात अशी श्रद्धा असल्याने रुग्णांना फिरण्यासाठी पाइनच्या राईतून एक वाट काढलेली होती आणि तिला नावही रुग्णांचेच पडले होते. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याने प्रकृतीसाठी १८८४ ते १८८७ ही वर्षे याच गावी घालवली. व्हेंटनर येथे डॉ. आर्थर हिल हॅसल यांनी १८६८ मध्ये क्षयरोग्यांसाठी रुग्णालयाची उभारणी आरंभली. प्रभावी औषधे निघाल्यावर ते १९६४ साली बंद झाले, आणि आज त्याच जागी वनस्पतिउद्यान आहे. ज्या उबेच्या आश्रयाने रोगी राहत, तिच्यातच आता उष्ण प्रदेशांतील झाडे वाढवली जातात.

या उबेचे कारण समुद्रच होय. पाणी सावकाश तापते आणि सावकाशच निवते. त्यामुळे इंग्लंडच्या भोवतालचा समुद्र ऑगस्ट-सप्टेंबरात सर्वांत उबदार आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्वांत थंड असतो. नाताळच्या सुमारास त्यात उन्हाळ्याची काही शिल्लक अद्याप उरलेली असते. त्यातच नैर्ऋत्येकडून येणारे वारे आणि उत्तर अटलांटिकचा उष्ण प्रवाह यांची भर पडते. परिणामी लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर ज्या अक्षांशांत समुद्र गोठतो, जवळपास त्याच अक्षांशांतील कॉर्नवॉलमध्ये जानेवारीत कॅमेलिया फुलतो, आणि सिली बेटांवरून नरगिसाची फुले भर हिवाळ्यात बाजारात रवाना होतात. टॉर्कीच्या सडकेवर ताडासारखी दिसणारी न्यूझीलंडची झाडे उघड्यावर तग धरून असतात. थंडी नसते असे नाही; पारा पाच ते आठ अंशांच्या आसपास रेंगाळतो आणि दमट वारा हाडांपर्यंत शिरतो. पण बर्फ क्वचितच पडते. लंडनच्या गल्ल्यांतील काळवंडलेल्या डिसेंबरपेक्षा किनाऱ्यावरचा डिसेंबर प्रकाशाच्या दृष्टीने पुष्कळ उदार असतो, कारण तेथे आकाश अडवणारे काही नसते.

मराठी वाचकाचा या हिवाळी किनाऱ्याशी एक जुना संबंध आहे, मात्र तो हिवाळ्याचा आहे हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी सागराला उद्देशून केलेली, आणि पुढे मंगेशकर भावंडांच्या कंठातून घरोघर पोहोचलेली कविता १९०९ च्या डिसेंबरात ब्रायटनच्या किनाऱ्यावर स्फुरली. बिपिनचंद्र पालांचे चिरंजीव निरंजन पाल त्या वेळी त्यांच्यासमवेत होते. वडील बंधूंना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झालेली, मदनलाल धिंग्रांना त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फाशी दिलेले आणि लंडनमध्ये राहावयास जागा मिळणेही दुरापास्त झालेले. अशा मनःस्थितीत गर्दीने गजबजलेल्या उन्हाळी किनाऱ्यावर ती कविता सुचली असती का, याचा विचार काव्यरसिकांनी करावा. ब्रायटनला वाळू नाही, गोटे आहेत. लाट मागे सरताना ते सारे एकदम घरंगळतात आणि त्यांचा आवाज रिकाम्या किनाऱ्यावर दूरवर ऐकू येतो. त्या ठिकाणी डिसेंबरात उभे राहिल्यावर ती कविता निराळी वाटते, एवढे आम्ही खात्रीने सांगू शकतो.

आता प्रत्यक्ष पाहण्यासारखे काय, या प्रश्नाकडे वळू. ब्रायटनमध्येच असाल तर सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी, म्हणजे डिसेंबरात साडेतीनच्या सुमारास, १८९९ साली उघडलेल्या पॅलेस पिअरजवळ जाऊन थांबावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात स्टार्लिंग पक्ष्यांचे, म्हणजे आपल्याकडे थंडीत येणाऱ्या भोरड्यांच्या आप्तांचे, हजारोंचे थवे त्या धक्क्याखालच्या लोखंडी तुळयांवर रात्रीच्या वस्तीस येतात. उतरण्यापूर्वी तो सारा समुदाय आकाशात वळणे घेत, क्षणात दाट तर क्षणात विरळ होत राहतो. पलीकडेच १८६६ मधील वेस्ट पिअरचा, २००३ साली आगीत जळालेला सांगाडा पाण्यात उभा आहे. पक्ष्यांचा हा खेळ फुकट असून उन्हाळ्यात तो मुळीच दिसत नाही.

त्याहून मोठा सोहळा नॉर्फोक आणि लिंकनशर या पूर्वेकडील परगण्यांत असतो. जगातील करड्या सीलांपैकी एक तृतीयांशाहून अधिक ब्रिटनच्या किनाऱ्यांवर राहतात, आणि पूर्व किनाऱ्यावरील माद्या नोव्हेंबर ते जानेवारी या कडाक्याच्या दिवसांतच वाळूवर येऊन वितात. ब्लेकनी पॉइंट, हॉर्सी आणि डोना नूक ही त्यासाठी प्रसिद्ध ठिकाणे. डोना नूक हे हवाई दलाच्या गोळामारीच्या सरावाचे क्षेत्र आहे, पण सीलांची त्याला हरकत दिसत नाही. पांढऱ्याशुभ्र लोकरीचे पिल्लू जन्मतः सुमारे १४ किलोंचे असते. आईच्या दुधात निम्म्याहून अधिक स्निग्धांश असल्यामुळे ते तीन आठवड्यांत तिपटीने वाढते, आणि आई त्या अवधीत अन्नाला शिवत नाही. तीन आठवडे पुरे होताच ती पिल्लाला तेथेच टाकून, पुन्हा नराशी संग करून समुद्रात निघून जाते. पिल्लू मग काही आठवडे अंगच्या चरबीवर उपाशी काढते, पांढरी लोकर टाकते, आणि भूक असह्य झाली म्हणजे कोणाच्याही शिकवणीवाचून पाण्यात शिरते. पाहणाऱ्यास हे मातृत्व निर्दय वाटते. परंतु एवढ्या थोड्या दिवसांत स्वतःचे शरीर झिजवून दुसरे घडवणाऱ्या जीवावर तो आरोप ठेवणे न्यायाचे होणार नाही. कुंपणापलीकडे पाऊल टाकू नये, एवढाच तेथला दंडक. माणसाच्या चाहुलीने आई बिथरली तर पिल्लू उपाशी मरते, म्हणून स्थानिक स्वयंसेवक दिवसभर थंडीत पहारा करीत उभे असतात.

दक्षिणेकडील डॉर्सेट परगण्यातील लाइम रीजिस आणि चारमथ येथे निराळीच मौज आहे. तेथले कडे सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाच्या गाळाचे बनलेले आहेत. हिवाळी पाऊस आणि वादळी लाटा यांनी ते ढासळतात आणि पोटातील अश्मीभूत जीव किनाऱ्यावर येऊन पडतात. म्हणूनच अश्म वेचणाऱ्यांचा खरा मोसम हिवाळा. लाइम रीजिसचीच, सुताराची मुलगी मेरी ॲनिंग हिचा जन्म १७९९ चा. वडील लवकर वारल्याने शंख-अश्म विकून घर चालवणाऱ्या या मुलीने भावाच्या साह्याने १८११-१२ मध्ये इक्थिओसॉर या सागरी सरपटणाऱ्या प्राण्याचा सांगाडा खोदून काढला. पुढे १८२३ च्या डिसेंबरात तिला प्लेसिओसॉरचा जवळजवळ संपूर्ण सांगाडा सापडला. विद्वानांनी तिच्या शोधांवर निबंध वाचले, पण लंडनच्या भूशास्त्रीय मंडळाचे दार स्त्रियांना बंद होते, आणि ती १८४७ साली वारली तेव्हाही ते उघडले नव्हते. आज त्याच किनाऱ्यावर लहान मुले अमोनाइट वेचताना दिसतात. मराठी माणसास तो ओळखीचा वाटेल. कारण गंडकीच्या पात्रातून येऊन आपल्या देवघरात बसलेला शाळिग्राम म्हणजे अमोनाइटच होय. आपण त्याच्या वळणांत विष्णूचे चक्र पाहिले, तर यॉर्कशरमधील व्हिटबीच्या लोकांनी त्यात संत हिल्डाने शाप देऊन शिळा केलेले साप पाहिले, आणि गिऱ्हाइकास पटावे म्हणून त्यांवर सापाची डोकीही कोरली. कड्याच्या पायथ्याशी उभे राहू नये, कड्यावर हातोडी चालवू नये आणि ओहोटी लागताना जाऊन भरतीपूर्वी परतावे, हे नियम पाळले तर या छंदास खर्च नाही. जेन ऑस्टिनने ‘पर्स्वेशन’ या कादंबरीतील मंडळींना लाइमच्या सहलीस पाठवले तेही नोव्हेंबरात, करमणुकीची ठिकाणे बंद झाल्यावर. गर्दी नसल्यानेच त्यांना समुद्र नीट पाहता आला. मात्र त्यांतील एक तरुणी धक्क्याच्या पायऱ्यांवरून उडी मारताना पडली, हेही वाचकाने विसरू नये.

उधाणाचे दर्शन हेही हिवाळ्याचेच. आषाढात रत्नागिरीच्या किंवा मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहून ज्याने समुद्र पाहिला आहे, त्याला कॉर्नवॉलमधील पोर्थलेवनच्या बंदरावर घड्याळाच्या मनोऱ्याहून उंच उसळणाऱ्या लाटांचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. मात्र ते दूर, उंच आणि सुरक्षित जागेवरून पाहावे. डेव्हनमधील डॉलिश येथे समुद्राला अगदी खेटून जाणारा लोहमार्ग आहे. फेब्रुवारी २०१४ मधील एका रात्रीच्या तुफानात त्याखालची भिंत वाहून गेली, रूळ अधांतरी लोंबत राहिले, आणि ४ एप्रिलपर्यंत तो रस्ता बंद होता. कॉर्नवॉलच्याच माउझल या कोळ्यांच्या गावात डिसेंबरात बंदराभोवती सुंदर रोषणाई करतात. १९ डिसेंबर १९८१ च्या रात्री वादळात सापडलेल्या एका जहाजावरील माणसांना वाचवण्यासाठी गावचे आठ स्वयंसेवक जीवनरक्षक नौका घेऊन निघाले. ते आठही आणि जहाजावरील आठ अशी सोळा माणसे बुडाली. दरवर्षी त्या तारखेस तेथले दिवे तासभर मालवतात. त्यांची नौका ज्या संस्थेची होती, ती १८२४ साली स्थापन झालेली जीवनरक्षक नौकांची संस्था आजही देणग्यांवर आणि मुख्यतः बिनपगारी माणसांवर चालते. बंदरावर तिची पेटी दिसली, तर तीत काही टाकून पुढे जावे.

पाण्यात उतरण्याचा मोह कोणाला होत नसेल असे समजू नये. १८६० साली स्थापन झालेल्या ब्रायटनच्या जलतरण मंडळात नाताळच्या सकाळी समुद्रस्नान करण्याचा जुना शिरस्ता आहे, आणि इतरत्रही नववर्षाच्या दिवशी चित्रविचित्र वेष करून शेकडो माणसे किंचाळत लाटांत शिरतात. डॉ. रसेलना यात समाधान वाटले असते. परंतु सवय नसलेल्याने हे करू नये, असा आमचा स्पष्ट अभिप्राय आहे. आठ-दहा अंशांच्या पाण्यात एकाएकी शिरले असता श्वासावरचा ताबा सुटतो, माणूस नकळत एकदम खोल श्वास घेतो, आणि त्याच वेळी तोंडावर लाट आली तर चांगला पोहणाराही बुडतो. अपघाताने पडलात तर पोहण्याची धडपड न करता पाठीवर तरंगत राहावे. एक-दोन मिनिटांत श्वास ताळ्यावर येतो. त्याहून फसवी गोष्ट भरतीची. पश्चिमेकडील मोरकम उपसागरात ओहोटीच्या वेळी मैलोगणती वाळू उघडी पडते, आणि भरती मागील बाजूच्या चरांतून गुपचूप भरून परतीची वाट आधीच तोडते. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री तेथे शिंपले वेचणारे वीसहून अधिक चिनी मजूर अशाच रीतीने प्राणास मुकले.

राहता राहिले खाणे, निवारा आणि माणसे. किनाऱ्यावरील जुन्या पबांत शेकोटी पेटलेली असते, आणि गरम मासा व बटाट्याचे काप त्या वाऱ्यात जसे लागतात तसे जुलैत लागत नाहीत. केंट परगण्यातील व्हिटस्टेबलची देशी कालवे मे ते ऑगस्ट या प्रजननकाळात वर्ज्य असतात, म्हणून ती खावीत तर थंडीतच. मोठ्या हॉटेलांत नोव्हेंबरात ‘टर्की अँड टिन्सेल’ नावाचा एक विलक्षण प्रकार चालतो. पेन्शनर मंडळी बसगाड्यांनी सोमवारी येतात, तोच दिवस नाताळची पूर्वसंध्या ठरतो, पुढे नाताळ आणि नववर्ष असे सारे सण एका आठवड्यात, निम्म्या दरात उरकले जातात आणि शुक्रवारी सर्वजण घरी परततात. हसू येते, पण ज्यांना खरा नाताळ एकट्याने काढावयाचा आहे, अशी माणसे त्या गर्दीत कमी नसतात. एकांत हवा असणाऱ्यासाठी सडकेवर काचेच्या भिंतींचे आडोसे बांधलेले आहेत. मार्गेटच्या अशाच एका आडोशात, १९२१ च्या शरदात, मनाने खचलेला टी. एस. एलियट नावाचा बँकेतील नोकर समुद्राकडे तोंड करून बसे. ‘द वेस्ट लँड’ या दीर्घ काव्याचा काही भाग त्याने तेथे लिहिला.

मुलांकडे, नातवंडांकडे इंग्लंडला जाणारी आपली मंडळी थंडीच्या दिवसांत बहुधा घरातच कोंडून बसतात. त्यांनी वारा अडवणारा कोट, पाणी न शिरणारे बूट आणि कानटोपी एवढा सरंजाम करून दोन-तीन दिवस किनाऱ्यावर अवश्य काढावेत. खोल्यांचे दर उन्हाळ्याहून पुष्कळ उतरलेले असतात. सील पाहावयाचे तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा डिसेंबर निवडावा. अश्म, पक्षी आणि उधाण यांसाठी जानेवारीअखेर ते फेब्रुवारी उत्तम, मात्र फेब्रुवारीच्या मध्यावरील शाळांच्या सुटीचा आठवडा टाळावा. निघण्यापूर्वी त्या गावचे भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून ठेवावे, आणि कोणी संकटात दिसल्यास स्वतः पाण्यात न शिरता ९९९ वर तटरक्षक दल मागावे. नाताळच्या दिवशी इंग्लंडात आगगाड्या धावत नाहीत आणि दुसऱ्या दिवशीही अगदी तुरळक असतात; तेव्हा त्या दोन दिवसांत प्रवासाचा बेत ठेवू नये.